साथीच्या वहीतले आठ शेरे

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे. पण आधीच सांगून ठेवते, माझी कीव करायची नाही. माझी शिवण सैल झाली आहे, कोपरे दुमडून दुमडून मऊ पडले आहेत आणि मधल्या काही पानांवर तेलाचे डाग आहेत, हे सगळं खरं. तरीही ज्या कपाटात मी राहते, त्यात माझ्याइतकं जग पाहिलेलं दुसरं कुणी नाही. शेजारी औषधसाठ्याची वही आहे. तिला प्लास्टिकचं वेष्टन आहे म्हणून ती जरा नाक वर करूनच असते. असू दे. गोळ्या किती आल्या आणि किती गेल्या, यापलीकडे तिला काही ठाऊक नाही. माझ्या पानांवर माणसं आहेत.

माझा जन्म एका छापखान्याच्या मागच्या खोलीत झाला. तिथल्या म्हाताऱ्या बाइंडरने दोनशे पानं नीट ठोकून सारखी केली, जाड सुईने शिवली, पाठीला लाल कापड चिकटवलं आणि खळ वाळेपर्यंत दोन दिवस मला दाबाखाली ठेवलं. माझ्याबरोबर शिवलेल्या बऱ्याच वह्या शाळांच्या हजेरीपटासाठी गेल्या. मला त्यांचा फार हेवा वाटला. त्यांना रोज पोरांची नावं ऐकायला मिळणार होती, आणि माझ्या नशिबी काय आलं, तर दोन खोल्यांचा पालिकेचा दवाखाना! एका बाजूला सायकल दुरुस्तीचं दुकान, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला आणि मध्ये आम्ही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या पहिल्या पानावर लिहिलं, 'या वहीत एक ते दोनशे अशी पाने आहेत.' खाली सही केली, शिक्का मारला. हा माझा जन्मदाखला. मग पुठ्ठ्यावर चिठ्ठी डकवली: साथरोग नोंदवही. म्हणजे ताप, जुलाब, गोवर, कावीळ असे एकापासून दुसऱ्याला होणारे आजार ज्याला होतील, त्याचं नाव माझ्यात यायचं. मी पार हिरमुसले. आयुष्यभर आजाऱ्यांची संगत, यात कौतुक ते काय?

ते कौतुक मला वहीताईने दाखवलं. ती त्या दवाखान्याची आरोग्यसेविका. गल्लीबोळांतून घरोघर फिरून कोण आजारी आहे, कुणाची लस राहिली आहे, हे पाहणं तिचं काम. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत तिचा जेवणाचा डबा, पाणी तपासायची बाटली आणि मी. कुणाच्याही दारात ती आधी मला बाहेर काढायची आणि मग 'कसे आहात' विचारायची. म्हणून सगळा भाग तिला वहीताई म्हणायचा. तेलाचे डागही तिच्याच डब्याचे. घाईत झाकण नीट लागायचं नाही.

माझ्यात आठ रकाने होते. क्रमांक, तारीख, नाव, वय, पत्ता, व्यवसाय, आजार आणि शेवटचा शेरा. बहुतेक दवाखान्यांत शेऱ्याचा रकाना कोराच राहतो. वहीताई मात्र तो बारीक अक्षरात गच्च भरायची. 'आई कामाला जाते, दिवसभर आजीजवळ.' 'पाणी उकळत नाही, वेळ नाही म्हणते.' 'दार उघडत नाहीत, कुत्रा आहे, पुन्हा जाणे.'

"शेऱ्यात कादंबरी लिहितेस का गं?" डॉक्टरीणबाई चिडवायच्या.

"बाई, माझ्या काही लक्षात राहत नाही. वहीच्या राहतं," ती म्हणायची.

हे ऐकलं की मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटायचं. दर सोमवारी माझी पानं मोजून मुख्य कार्यालयाला आठवड्याचा अहवाल जायचा. एखाद्या आठवड्यात एकही रुग्ण नसेल तर तिथे 'निरंक' लिहायचं, म्हणजे काहीच नाही. पण ताई घरं फिरून आल्याशिवाय तो शब्द लिहायची नाही. बसल्या जागी लिहिलेलं निरंक म्हणजे थाप, असं तिचं मत होतं.

एकदा एकाच जिन्यावरच्या तीन मुलांना गोवर निघाला. ताईने माझ्या आधीच्या पानांवरचे शेरे चाळून त्या जिन्यावरची लस राहिलेली अकरा मुलं शोधून काढली आणि दोन दिवसांत त्यांना लस दिली. साथ पाच मुलांवर थांबली. मुख्य कार्यालयातून मोठे साहेब आले, त्यांनी मला हातात घेतलं, पानं उलटली आणि म्हणाले, "वही असावी तर अशी." तेव्हापासून माझ्या डोक्यात हवा गेली. मला वाटू लागलं की माझ्यात लिहिलं म्हणजे ते खरंच असणार. आता जे सांगणार आहे, ते या हवेचं काय झालं ते.

त्या वर्षी आमच्या भागात कावीळ सुरू झाली. पहिल्या आठवड्यात दोघे, दुसऱ्यात चौघे, तिसऱ्यात पाच. डोळे पिवळे, अन्नावरची वासना गेलेली, पायात त्राण नाही. दूषित पाण्यातून किंवा अन्नातून येणारी ही कावीळ. एखाद्या गल्लीचं पाणी खराब असेल तर सगळे रुग्ण त्याच गल्लीचे निघतात. इथे मात्र अकराच्या अकरा पत्ते वेगळे. कुणी बाजारामागे राहणारा, कुणी टाकीजवळचा, कुणी थेट उड्डाणपुलापलीकडचा. व्यवसायाच्या रकान्यातही मेळ नव्हता. शिवणकाम, इस्त्रीकाम, पहारेकरी, चालक, मदतनीस.

ताई प्रत्येकाच्या घरी गेली. घरचं पाणी तपासलं, ते चांगलं निघालं. मग तिने विचारलं, "बाहेरचं काय खाता?" आणि एकामागून एक शेऱ्यात तेच शब्द उमटू लागले: 'दुपारचा डबा मावशीचा.' अकरांपैकी आठ जणांपुढे.

ही मावशी म्हणजे कोपऱ्यावरच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारी, साठीला आलेली बाई. ती आणि तिची सून मिळून रोज त्रेचाळीस डबे करायच्या. घर त्यावरच चालायचं. मावशीचा हात सढळ आणि जीभ तिखट. डबा अर्धा परत आला की ती गिऱ्हाइकाला दारात उभं करून जाब विचारायची. तरी कुणी तिचा डबा सोडत नसे, कारण आजारपणात पातळ भात विचारून पाठवणारी तीच होती.

अन्नपाणी तपासणारे निरीक्षक दवाखान्यात आले, तेव्हा बाहेरच्या बाकावर वीसएक माणसं बसली होती. त्यांनी मला तिथेच उघडलं आणि बोट ठेवत ठेवत मोठ्याने वाचलं. "मावशीचा डबा, मावशीचा डबा, मावशीचा डबा... अकरात आठ! आणखी काय पाहिजे?"

"थोडं थांबू या. तपास व्हायचाय अजून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आणि तोवर आणखी दहा जण पिवळे झाले तर?" निरीक्षकांनी विचारलं. आणि शेरे तर ताईच्याच अक्षरात होते.

दुपारी निरीक्षक कुलूप आणि नोटीस घेऊन मावशीच्या दारात गेले. ताईला बरोबर जावं लागलं, म्हणून मीही पिशवीत होते. मावशी रडली नाही. तिने एक ताट वाढलं आणि पुढे केलं. "बसा साहेब. जेवून बघा, मग लावा कुलूप."

"मावशी, तसं नाही चालत."

"भीती वाटते? मग लावा." मग तिने ताईकडे पाहिलं. "तू लिहिलंस?"

ताईने मान हलवली. मावशी एवढंच म्हणाली, "तूसुद्धा रोज जेवतेस गं माझ्या हातचं." त्या वेळी या वाक्याच्या खऱ्या अर्थाकडे ताईचं लक्ष गेलं नाही, आणि खरं सांगते, माझंही नाही. तिला फक्त ते लागलं.

स्वयंपाकघराला कुलूप पडलं. सून माहेरून पीठ-मीठ आणू लागली. त्रेचाळीस डबे भिंतीला उलटे लटकून राहिले. लोक मावशीच्या दारावरून जाताना पलीकडच्या कडेने जाऊ लागले, आणि कुणी तिची बाजू घेतली तर दुसरा म्हणायचा, "अहो, वहीत लिहिलंय." माझ्या नावावर हे चाललं होतं. आणि तरीही, कबूल करते, मला पहिले दोन दिवस जरा मोठेपणाच वाटला.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताईने सवयीने पिशवीत हात घातला. डबा कुठला असणार? तिने चहा मागवला, बिस्किट त्यात बुडवलं आणि तशीच बसून राहिली. बिस्किट विरघळून तळाशी गेलं तरी तिला पत्ता नाही. मग ती एकदम उठली आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलापाशी गेली.

"बाई, मी सहा वर्षं मावशीचा डबा खातेय."

"मग?"

"मग मला कुठे झालीय कावीळ?"

डॉक्टरीणबाईंनी तिला खिडकीशी नेलं, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. "नाही झालेली. पण तू एकटी म्हणजे काही पुरावा नाही. तुला लहानपणी होऊन गेली असेल. बाकीच्या डबा खाणाऱ्यांचं काय?"

"बाकीच्यांना विचारलंय कुणी?" ताई म्हणाली. "ते आजारीच नाहीत तर वहीत येणार कसे?"

मित्रांनो, त्या क्षणी मी शरमेने अर्धी झाले. पहिल्या पानापासून माझ्या नावाच्या रकान्यात फक्त आजारी माणसंच आली होती. डबा खाऊन आजारी पडलेले आठ जण मला ठाऊक होते. तोच डबा खाऊन धडधाकट फिरणारे किती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. अर्ध्या माहितीवर मी एका घराची चूल विझवली होती.

ताईने मला उलटं केलं आणि शेवटच्या पानापासून उघडलं. वर लिहिलं, 'मावशीचा डबा घेणारे, सर्व.' आठ आजारी तर पुढच्या पानांवर होतेच. इथे पहिलं नाव तिने स्वतःचं घातलं. पुढे प्रकृती: उत्तम. माझ्या आयुष्यात नावाच्या रकान्यात आलेलं ते पहिलं निरोगी माणूस.

मावशीच्या सुनेकडून यादी घेऊन ती दारोदार निघाली. आणि काय सांगू, आजारी माणसं नाव द्यायला लाजतात हे मला माहीत होतं, पण निरोगी माणसं किती घाबरतात ते तेव्हा कळलं! एक निवृत्त मास्तर तर दाराच्या फटीतूनच बोलले. "मला काहीही झालेलं नाही. त्या वहीत नाव गेलं की माणूस आडवा होतो."

"मास्तर, माझंच नाव पहिलं आहे. बघा, उभी आहे ना मी?"

मास्तरांनी चष्मा पुसून पान पाहिलं, ताईला आपादमस्तक पाहिलं आणि मग दार उघडलं. वर नावातली एक चूकही सुधारून दिली.

या वेळी ताई एक प्रश्न जास्तीचा विचारत होती: दुपारचा डबा कुठे बसून खाता? मास्तर म्हणाले, घरी. झेरॉक्सवाला म्हणाला, दुकानात. असे एकोणतीस जण, वेगवेगळ्या ठिकाणी जेवणारे, आणि त्यांच्यात कावीळ एकालाही नाही. उरलेले चौदा डबे एकाच पत्त्यावर जात होते. बाजाराच्या टोकाला दुसऱ्या मजल्यावर कपडे शिवण्याचा मोठा कारखाना होता, तिथे. ताई रस्त्यातच थांबली. झेरॉक्सवाल्याच्या फळीवर मला ठेवून तिने पुढची पानं काढली. शिवणकाम, इस्त्रीकाम, पहारेकरी, चालक, मदतनीस. माझा रकाना काय काम करता ते विचारत होता. ते काम कुठे करता, हे कुठेच विचारलेलं नव्हतं. ताईने परत अकराही घरं गाठली. अकराही जण त्याच कारखान्यातले निघाले. डबा न घेणारे तिघेसुद्धा.

कारखान्यात आम्ही डॉक्टरीणबाईंबरोबर गेलो. ओळीने शिलाई मशिनी, ढिगाने कापड आणि जिन्याजवळ पाण्याचं एक मोठं पिंप. कोपऱ्यात एक रफू करणारे आजोबा डबा उघडून बसले होते. कुठल्यातरी खाणावळीतून आणलेला डबा होता, कारण मावशीचा बंद झालेला. ते मात्र टुणटुणीत होते.

"आजोबा, तुम्हाला नाही झाली कावीळ?"

"मी इथलं पाणी पीत नाही," ते म्हणाले आणि पायाशी ठेवलेली मोठी बाटली दाखवली. "घरून आणतो. ही पोरं हसतात मला. म्हणतात, आजोबा विहीर घेऊन येतात. महिना-दीड महिन्यापूर्वी खाली गटार खणलं, तेव्हापासून पाण्याला वास मारतोय. मालकांना म्हटलं, तर म्हणे तुमच्या नाकाचं वय झालं."

ताईने पिंपातलं पाणी नळीत घेतलं आणि तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. पाण्यात जंतू मारणारं औषध असेल तर पाणी पिवळं होतं. हे बिनरंगीच राहिलं. डॉक्टरीणबाईंनी निरीक्षकांना बोलावून घेतलं. खाली तळमजल्यावरच्या टाकीचं झाकण उघडलं, तेव्हा त्यांनी स्वतःच नाकाला रुमाल लावला. गटाराच्या खोदकामात टाकीची बाजू तडकली होती आणि गटाराचं पाणी आत झिरपत होतं. नमुना प्रयोगशाळेत गेला, त्यांनीही तेच सांगितलं. टाकी बंद झाली, कारखान्याला बाहेरून चांगलं पाणी सुरू झालं. ही कावीळ शरीरात शिरल्यावर दिसायला कधी कधी महिना लागतो, त्यामुळे पुढे आणखी चार नावं माझ्यात आली, सगळी तिथलीच. मग साथ थांबली. सगळे बरे झाले, आणि त्यानंतरच्या सोमवारी ताईने सगळी घरं फिरून, पाय दुखत असताना, 'निरंक' लिहिलं.

मोठ्या साहेबांचं पत्र आलं. दवाखान्याचं कौतुक, माझंही कौतुक. मावशीच्या दारावरची नोटीस तर टाकी सापडली त्याच दिवशी निघाली होती. पण डबे भिंतीलाच होते. त्रेचाळीसपैकी सहा जण परत आले. बाकीचे म्हणायचे, कुणी सांगावं, वहीत लिहिलं होतं ना.

मग एके सकाळी मावशी स्वतः दवाखान्यात आली. बाक भरलेला होता. ती सरळ टेबलापाशी आली आणि माझ्यावर हात ठेवून म्हणाली, "यातलं माझं नाव खोड."

"मावशी, खोडता येत नाही," ताई म्हणाली. "पान फाडायचं नाही, खोडायचं नाही, असा नियम आहे."

"म्हणजे खोटं तसंच राहणार?"

ताईने टेबलावरचं लाल पेन घेतलं आणि मला उघडलं. त्या आठ शेऱ्यांपैकी पहिल्याच्या खाली तिने लिहिलं, 'डब्याचा आजाराशी संबंध नाही. सर्व डबे घेणाऱ्यांना विचारून खात्री केली. आधीचा शेरा माझ्या घाईचा. चूक माझी.' खाली तारीख, खाली सही. मग दुसऱ्या शेऱ्याखाली तेच. मग तिसऱ्याखाली. आठव्या सहीपर्यंत तिचा हात भरून आला होता.

मावशीने चष्मा लावला आणि एकेक अक्षर वाचलं. मग मान वर केली. "आता मोठ्याने वाच. त्या दिवशी या बाकावर सगळ्यांनी ऐकलं होतं. आज पण ऐकू देत."

ताई उभी राहिली आणि वाचलं.

"किती ठिकाणी लिहिलंस?" मावशीने विचारलं.

"आठ."

"मग आठ वेळा वाच."

ताईने आठ वेळा वाचलं. तिसऱ्या वेळी बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. पाचव्या वेळी कुणी हसत नव्हतं. सातव्या वेळी डॉक्टरीणबाई आतून येऊन दारात उभ्या राहिल्या. आठवं वाचून झालं तेव्हा औषधाच्या रांगेत उभा असलेला कारखान्याच्या गाडीचा चालक, ज्याचं नाव त्या आठांत होतं, खाली मान घालून म्हणाला, "मावशी, उद्यापासून माझा डबा परत चालू कर."

"मागच्या वेळी अर्धा परत पाठवला होतास," मावशी म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मित्रांनो, पुढे माझी पानं संपली. माझ्यामागून आलेल्या वह्यांत 'कामाचे ठिकाण' असा नववा रकाना छापून आला, तो माझ्यामुळे. मग संगणक आला आणि वह्याच बंद झाल्या. मी कपाटाच्या खालच्या फळीवर गेले. धूळ बसली, मधेच एकदा वाळवी लागता लागता वाचले. पण नव्या आरोग्यसेविका शिकायला आल्या की ताई, आता तिचेही केस पांढरे झालेत, मला बाहेर काढते. मोठ्या साहेबांचं पत्र ती कुणाला दाखवत नाही. ते आठ लाल शेरे दाखवते. आणि मला, माझ्या दोनशे पानांत, त्यांचाच सगळ्यात जास्त अभिमान आहे.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं आहे. तुमच्या दारात कुणी आजाराची चौकशी करायला आलं, तर तुम्ही ठणठणीत असलात तरी दार उघडा आणि खरं सांगा. जुन्या वह्या रद्दीत टाकण्याआधी एकदा उघडून बघा. आणि कुणाबद्दल चुकीचं लिहून बसलात, तर पान फाडू नका. त्याच्याच खाली खरं काय ते लिहा, सही करा, आणि ज्यांनी पहिलं ऐकलं होतं त्यांच्यासमोर मोठ्याने वाचा. जितक्या वेळा लिहिलं असेल, तितक्या वेळा.